भिंतीतले पाणी

आमच्या घरात पाण्याची एक टाकी आहे, आणि ती नेमकी कुठे आहे याचा विचार मी दहा वर्षांत एकदाही केला नव्हता. गच्चीवरच्या टाकीबद्दल मी म्हणत नाही. ती सर्वांची, म्हणजेच कुणाचीच नसलेली टाकी. मी म्हणतो ती आमच्या संडासातल्या फ्लशची टाकी. २०१४ साली आम्ही पुण्याच्या उपनगरातील या घरात राहावयास आलो, तेव्हा बिल्डरच्या माणसाने मोठ्या अभिमानाने सांगितले होते, “सर, टाकी दिसणारच नाही. भिंतीत असते.” आम्ही भिंतीकडे पाहिले. पांढऱ्या गुळगुळीत लाद्या आणि त्यांत एक छोटी चकचकीत पाटी. पाटीवर दोन बटणे, एक मोठे, एक लहान. सौभाग्यवतींना ती फार आवडली. “पुसायला किती सोपं!” एवढेच त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून टाकी आमच्या संसारातून नाहीशी झाली.

वाचकहो, संसारातली जी वस्तू डोळ्यांआड होते ती बिघडणारच नाही, असे आपण का धरून चालतो कोण जाणे! मीही तसेच धरून चाललो होतो. २०२४ च्या दिवाळीत त्याची शिक्षा मला मिळाली. शिक्षा तशी बेताचीच होती. खरी शिक्षा माझ्या आधी चार महिने माझ्या आईने भोगली होती, आणि तीही काही अपराध नसताना.

ज्येष्ठ महिन्यात तिने पहिल्यांदा तक्रार केली. सकाळी चहा घेताना म्हणाली, “अरे, रात्री कुठंतरी पाणी वाहतंय.”

मी उठून घरातले सगळे नळ पाहिले. सगळे घट्ट. स्वयंपाकघरातले सिंक कोरडे होते, न्हाणीघरातही एक थेंब पडत नव्हता. “नाही गं आई,” मी म्हटले. “वरच्यांचा असेल.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. आईचे वय तेव्हा त्र्याऐंशी. दिवसा तिला हाक मारायची तर दोनदा मारावी लागते. दूरदर्शन संचाचा आवाज ती इतका मोठा ठेवते की शेजारचे जोशीकाका त्यांच्या घरी बसून आमच्या बातम्या ऐकतात. अशा बाईला रात्री दोन वाजता पाण्याचा आवाज येतो यावर कोण विश्वास ठेवणार? मी नेहमीच्या डॉक्टरांना विचारले. त्यांनी सांगितले की या वयात कानांत आवाज येणे ही सर्वसाधारण गोष्ट आहे. कुणाला शिट्टी ऐकू येते, कुणाला रातकिडे, कुणाला पाणी. त्यांचे सांगणे खोटे नव्हते. पुष्कळ म्हाताऱ्या माणसांना तसे होतेही. मला मात्र ते जरा जास्तच पटले, कारण ते पटवून घेणे सोयीचे होते.

त्यानंतर आईने “पाणी वाहतंय” म्हटले की आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. सौभाग्यवती हळूच म्हणत, “आईंना झोप लागत नाही हो अलीकडे.” मुलगी फोनवर म्हणे, “बाबा, आजीला एकदा मोठ्या डॉक्टरांना दाखवा.” आईच्या ते लक्षात आले असावे. श्रावणानंतर तिने तो विषय काढणे बंद केले. मला वाटले, बरे झाले, आवाज थांबला. आवाज थांबला नव्हता. सांगणे थांबले होते.

आईला पाण्याचा आवाज का छळतो हे मला कळायला हवे होते. तिचे तरुणपण सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात गेले. वडील तिथे शाळामास्तर होते. १९७२ च्या दुष्काळात आमच्या गावची विहीर तळाला गेली. सरकारी कामावर खडी फोडायला माणसे जात, मुलांना सुकडी मिळे, आणि पाण्यासाठी बायका रात्री दोन-दोन वाजता विहिरीवर नंबर लावीत. विहिरीच्या तळाशी एका कपारीतून पाझर येई. तिथे बसून वाटीवाटीने घागर भरायची. कंदील असे, पण रॉकेल वाचवावे म्हणून तो विझवून ठेवीत. अंधारात वाटी भरली की नाही ते कानाने ओळखायचे! आईने हे मला लहानपणी अनेकदा सांगितले होते. ज्या बाईने कानाने पाणी मोजले, तिच्या कानावर मी अविश्वास दाखवला आणि डॉक्टरांच्या वाक्यावर विश्वास ठेवला.

असो. कोजागिरीच्या रात्री सोसायटीच्या गच्चीवर दूध झाले. बारा वाजून गेल्यावर आम्ही खाली आलो आणि दहाच मिनिटांत वीज गेली. आई एकटी अंधारात आहे म्हणून मी तिच्या खोलीत जाऊन बसलो. पंखा बंद, फ्रीज बंद, रस्त्यावरचे दिवेही बंद. असा पूर्ण शांतपणा आपल्या शहरांतून आता वीज गेल्यावरच मिळतो. आई जागीच होती. काही बोलली नाही. आणि मग उशाकडच्या भिंतीतून, अगदी बारीक, आवाज आला: सूऽऽ... काही क्षण चालला आणि थांबला.

मी श्वास रोखून बसलो. पंधरा मिनिटांनी पुन्हा, सूऽऽ.

“ऐकलंस?” आई म्हणाली. तिच्या स्वरात विजय नव्हता, सुटका होती.

भिंतीला कान लावला तेव्हा उलगडा झाला. त्या भिंतीच्या पलीकडे आमचा संडास, आणि भिंतीच्या पोटात ती टाकी! आईची उशी बरोबर तिच्या पाठीला लागलेली. दिवसा हाक ऐकू न येणाऱ्या कानाला भिंतीतून थेट येणारा आवाज मात्र पोहोचत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच प्लंबर बोलावला. त्याने बटण दाबून पाहिले, भांड्यात डोकावून पाहिले, लाद्यांवर बोटाने टकटक केली आणि वैद्याने नाडी पाहून मान हलवावी तशी मान हलवली. “काका, कन्सील्ड आहे. भिंत फोडावी लागेल.”

“किती?”

“सहा लाद्या तर जातीलच. हीच डिझाईन आता मिळायची नाही, म्हणजे ही पूर्ण बाजू नवीन करा. टाकीसकट पंचवीस हजार धरा. आठ दिवस संडास बंद.”

दिवाळी बारा दिवसांवर आलेली. त्यातून आमच्या मुलीचा पहिला दिवाळसण! जावईबापू, त्यांचे आईवडील आणि एक आत्याबाई अशी चार मंडळी येणार, आणि घरात संडास दोनच. सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारात चकलीचा सोऱ्या हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी भिंतीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. “अहो, पाण्याचा आवाजच ना? दिवाळीनंतर बघू. आईंची कॉट तेवढी दुसऱ्या भिंतीला सरकवू.”

सल्ला व्यवहारी होता. मी मानही डोलावली होती. पण आईने ऐकले आणि ती म्हणाली, “कॉट सरकवून मला ऐकू यायचं नाही. पाणी वाहायचं थांबणार आहे का?” या प्रश्नाला उत्तर नव्हते.

आता माझ्याविषयी थोडे सांगणे भाग आहे. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. हातात पाना धरल्याचा प्रसंग आयुष्यात क्वचितच आलेला. आमच्या लहानपणी फ्लशची टाकी म्हणजे डोक्यावर बसवलेली बिडाची पेटी आणि तिला लोंबणारी साखळी. साखळी ओढली की आगगाडी पुलावरून गेल्यासारखा आवाज होई, आणि कोण किती वाजता जाऊन आले हे साऱ्या चाळीला समजे. तिच्यात बिघाड झाला तर स्टुलावर चढून आत पाहता येत असे. त्याही आधी, वाड्यात, टाकी नव्हतीच. टोपलीचे संडास होते, आणि ते साफ करणारी माणसे मागल्या बोळातून येत. आपली घाण आपण न पाहता दुसऱ्याच्या डोक्यावर देण्याची ती रीत. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी हे काम स्वतःच्या हाताने केले आणि मैल्याचे खत करणारे संडास बांधून दाखवले. माणसाकडून हे काम करून घेण्यास बंदी करणारा कायदा मात्र देशात १९९३ साली झाला, आणि अधिक कडक कायदा २०१३ साली. म्हणून फ्लशच्या टाकीला मी क्षुद्र वस्तू मानत नाही. तिच्या सहा लिटर पाण्याने माणसाच्या डोक्यावरची टोपली उतरवण्यास मदत केली आहे.

या यंत्राचा इतिहासही गमतीचा आहे. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीचा धर्मपुत्र सर जॉन हॅरिंग्टन याने पाण्याने धुतला जाणारा संडास १५९६ साली पुस्तक लिहून वर्णिला. पुढे १७७५ साली अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने भांड्याखालच्या नळीला बाक देऊन त्यात पाणी अडवून ठेवण्याचे पेटंट घेतले. त्या ओंजळभर अडलेल्या पाण्यामुळे गटाराचा वास घरात येत नाही. टाकी भिंतीत दडवण्याची कल्पना युरोपातली. स्वित्झर्लंडमधील गेबेरिट कंपनीने अशी टाकी १९६४ साली बाजारात आणली. आणि लहानमोठी दोन बटणे ऑस्ट्रेलियातून आली, १९८० च्या सुमारास, कारण तो देशही आपल्या माणसारखाच पाण्याला तहानलेला. लहान बटणाला तीन लिटर, मोठ्याला सहा.

हे सगळे वाचता वाचता माझ्या मनात एक साधा प्रश्न आला. ज्या शहाण्या माणसांनी टाकी भिंतीत घातली, त्यांनी ती दुरुस्त कशी करायची याचा विचार केलाच नसेल का? रबराचा वायसर झिजला की दर वेळी घर फोडायचे, असा संसार कोणत्या देशात चालेल?

मी कपाटातून घराच्या कागदपत्रांची फाईल काढली. खरेदीखत, कराच्या पावत्या, सोसायटीचे भाग-प्रमाणपत्र आणि अगदी तळाशी घडी घातलेला एक चित्रांचा कागद. दहा वर्षे तो तिथे होता. त्यावरच्या पहिल्याच चित्रात एक हात बटणाची पाटी वर उचलताना दाखवला होता. पाटीच्या मागे चौकोनी खिडकी, आणि खिडकीतून आत टाकी! पाटी हीच टाकीचे दार होती. त्या दारावर आम्ही दहा वर्षे रोज थाप मारीत होतो, पण ते उघडते हे आमच्या ध्यानात आले नव्हते.

मी पाटी खालून वर ढकलली. ती सुटली. आत दोन स्क्रू आणि बटणाचा दाब आत पोचवणाऱ्या दोन काड्या होत्या. त्या काढल्यावर पाठीमागचे प्लॅस्टिकचे झाकण निघाले. फोनचा दिवा आत धरला. स्वच्छ पाणी आणि त्यात दोन यंत्रे, एवढाच संसार. एका बाजूला पाणी आत घेणारी झडप. तिला एक तरंगणारा डबा. पाणी चढले की डबा वर येतो आणि झडप मिटते. मधोमध पाणी सोडणारा उभा नळा. त्याच्या बुडाशी रबराचे कडे. बटण दाबले की नळा उचलला जातो, पाणी धो धो खाली जाते, नळा पुन्हा बसतो, कडे भोक बंद करते. तोच नळा आतून पोकळ असतो. पाणी नको तितके वर चढले तर त्याच्या तोंडातून भांड्यात उतरते, घरात पूर येत नाही. कोपऱ्यात, टाकीच्या आतच, पाणी बंद करायचा छोटा कॉक. सगळे हाताशी होते.

इथे मी पहिली चूक केली. मला वाटले, पाणी येण्याचा आवाज येतो म्हणजे दोष पाणी आत घेणाऱ्या झडपेचाच असणार. डबा थोडा खाली करून पाण्याची पातळी उतरवली, सगळे परत बसवले आणि विजयी मुद्रेने जेवायला बसलो. सकाळी आईला विचारले. ती म्हणाली, “आहे अजून.” त्या दिवसापासून आई आमची परीक्षक झाली.

मग बँकेतली सवय कामी आली. हिशेब जुळत नसला की आधी एक बाजू बंद करायची आणि दुसरी तपासायची. टाकी भरू दिली. पाणी जिथे थांबले तिथे आतल्या बाजूला पेन्सिलीने रेघ मारली. मग आतला कॉक बंद केला आणि तासभर कुणालाही तो संडास वापरू दिला नाही. या चाचणीचा अर्थ सोपा आहे. येणारे पाणी बंद असताना पातळी तशीच राहिली, तर खालचे कडे चांगले. दोष वरच्या झडपेचा, आणि पाणी नळ्याच्या तोंडातून जात आहे. पातळी उतरली, तर खालचे कडे गळते. झडप बिचारी ती तूट भरून काढण्यासाठी पुन्हा पुन्हा उघडते आहे.

तासाभराने पाहिले. पाणी रेघेच्या चार बोटे खाली!

खात्रीसाठी सौभाग्यवतींच्या डब्यातला जिलबीचा केशरी रंग चिमूटभर टाकीत टाकला. अर्ध्या तासात भांड्याच्या मागच्या बाजूने केशरी रेघ उतरू लागली, इतकी पातळ की रंगाशिवाय ती डोळ्याला दिसलीच नसती. आणखी एक समाधान त्यातून मिळाले. पाणी भांड्यात उतरत होते, भिंतीत मुरत नव्हते. खालच्या मजल्यावर जाऊन त्यांचे छत पाहून आलो, कोरडे होते. म्हणजे टाकीचे अंग शाबूत होते. टाकीला तडा गेला असता किंवा भिंतीतल्या नळाचा सांधा सुटला असता, तर प्लंबरचे म्हणणे खरे ठरते आणि लाद्या फोडाव्याच लागत्या. त्याने तपासून न पाहता मोठा रोग सांगितला, इतकेच.

मग रेघेपर्यंत पाणी भरायला किती लागते ते मोजले. स्वयंपाकघरातल्या मापाने, ओतून. तीन लिटर. तासाला तीन लिटर, दिवसाला बहात्तर. पंधरा लिटरची बादली धरली तर पाचांना थोड्या कमी बादल्या, रोज. ज्येष्ठापासून चार महिने म्हणजे १२० दिवस. गळती पहिल्यापासून तेवढीच धरली तर एकूण ८,६४० लिटर. सोसायटी उन्हाळ्यात जे टँकर घेते त्यांतला मोठा टँकर दहा हजार लिटरचा. जवळजवळ एक टँकर माझ्या भिंतीतून मुकाट्याने गटारात गेला होता. आणि खाली, जिन्याजवळच्या फळ्यावर, मे महिन्यात मीच लावलेली सूचना अजून तशीच होती: “पाणी जपून वापरा. नळ गळत असल्यास त्वरित दुरुस्त करावा.” खाली सही माझी. सोसायटीचा चिटणीस मीच!

संध्याकाळी बोहरी आळीत गेलो. चित्रांच्या कागदाचा फोनवर फोटो घेतला होता आणि आत जे दिसले त्याचेही चार-पाच फोटो होते. पहिल्या दोन दुकानांत पूर्ण यंत्र घ्या म्हणाले. तिसऱ्या दुकानात चष्मा कपाळावर चढवलेले एक वयस्क दुकानदार होते. त्यांनी फोटो पाहिला, मागच्या खणात हात घातला आणि रबराचे एक कडे माझ्या तळहातावर ठेवले. “दीडशे रुपये. जुनं काढून आणलं असतं तर बरं झालं असतं. बसलं नाही तर परत आणा.” मी पैसे देऊ लागलो तेव्हा म्हणाले, “व्हिनेगर आहे ना घरी? तुमच्याकडे टँकरचं पाणी. क्षार बसला असेल. नुसतं कडं बदलून भागायचं नाही.”

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. दुसऱ्या दिवशी सकाळी आतला कॉक बंद करून बटण दाबले, टाकी रिकामी केली. मधला नळा दोन बाजूंच्या खुंट्या दाबून वर उचलला. तो खिडकीतून सरळ बाहेर येईना. दहा मिनिटे मी त्याच्याशी झगडलो. घामाघूम झालो. शेवटी आईच दारात खुर्ची टाकून बसली होती ती म्हणाली, “अरे, जोर कशाला करतोस? आडवा करून बघ. आत गेलं ते बाहेर येतंच.” कागदावर पाहिले, तर नळ्याचा वरचा भाग आधी निराळा काढायचा होता. तो काढला, नळा कलता केला, आणि तो अलगद हातात आला.

बुडाशी रबराचे जुने कडे होते. कधी काळी मऊ असणारे ते आता वाळलेल्या आंब्याच्या सालीसारखे ताठ झाले होते. एका बाजूला त्यावर पांढरा खडबडीत थर. बोअरच्या आणि टँकरच्या जड पाण्यात विरघळलेला चुना असतो. तो वर्षानुवर्षे असा साचतो, आणि कणभर खडा कडेखाली अडकला की भोक पूर्ण मिटत नाही. नळ्याचे बूड मी तासभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले. थर फसफसून सुटला. टाकीच्या तळाशी ज्या बैठकीवर कडे टेकते ती ओल्या फडक्याने, हात आत घालून, पुसली. चाकू किंवा तारेची घासणी लावली नाही, कारण तिथे एक ओरखडा पडला की नवी गळती सुरू. मग नवे कडे सपाट बाजू खाली करून बसवले. ते फिरवून पाहिले, कुठे दुमडले तर नाही ना. नळा आत, वरचा भाग त्याच्यावर, खुंट्यांचा ‘टक्’ असा आवाज. कॉक उघडला. पाणी भरले, डबा वर आला, झडप मिटली.

शांत.

पेन्सिलीच्या रेघेपाशी पाणी थांबले. एक तासाने पाहिले, रेघेवरच होते. दोन तासांनी पाहिले. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, दर तासाला तिथं काय बघता? त्यापेक्षा बेसनाला जरा हात लावा.” पण त्याही जाताना एकदा डोकावून गेल्या.

खर्च दीडशे रुपये, अर्धी बाटली व्हिनेगर आणि एक सकाळ. लाद्या जशाच्या तशा. जावईबापूंना काही पत्ताही लागला नाही.

आता हे काम ज्यांना करायचे आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. प्रत्येक पायरीला फोटो घ्या. काढलेली वस्तू परत कशी बसवायची हे आपल्याला आठवेल असे समजू नका. काढलेले स्क्रू वाटीत ठेवा. एक स्क्रू टाकीत पडला तर तो शोधण्यात दुपार जाते. आतला कॉक फिरत नसेल तर जोर करू नका, कारण तो तुटला तर सारे घर पाण्यात. अशा वेळी बाहेरचा मुख्य कॉक बंद करा. टाकीत टाकायच्या ज्या सुवासिक किंवा निळ्या वड्या मिळतात त्या टाकू नका. त्यांतल्या काहींत क्लोरीन असते आणि ते रबर खाते. आणि भिंतीला ओल असेल किंवा खालच्यांच्या छताला डाग असेल, तर मात्र हौस बाजूला ठेवून जाणता माणूस बोलवा. जाणते प्लंबर पुष्कळ आहेत. ओळखायची खूण एकच: जो छिन्नीआधी पाटी उघडतो तो जाणता.

फळ्यावरची सूचना मी बदलली. केशरी रंगाची चाचणी लिहून काढली आणि खाली लिहिले, “चिटणिसांच्या घरी चार महिने गळती होती. आपणही तपासावी.” जोशीकाका हसले, पण संध्याकाळी जिलबीचा रंग मागायला आले. पुढच्या आठवड्यात चौतीस घरांपैकी पाच घरांत केशरी रेघ उतरली.

आईची क्षमा मागायची राहिली होती. मुलाला आईजवळ ते शब्द बोलणे अवघड जाते. मी जुने ताठ झालेले कडे तिच्या हातात दिले आणि म्हटले, “हे होतं बघ. तू म्हणत होतीस तेच.” तिने ते चष्म्याजवळ नेऊन पाहिले, बोटाने दाबून पाहिले. “एवढंसंच?” म्हणाली. मग थोड्या वेळाने, “मला वाटायला लागलं होतं रे, माझंच काहीतरी बिघडलंय.”

हे वाक्य मी विसरणार नाही. चार महिने ती अंधारात पडून पाणी ऐकत होती. ऐकू येते म्हणून नव्हे, तर आपल्याच डोक्यावरचा विश्वास उडाला म्हणून तिची झोप गेली होती. बहात्तर लिटरांचा हिशेब मी केला. त्या रात्रींचा हिशेब कुठल्या मापाने करणार?

नरकचतुर्दशीला आमच्याकडे पहाटे चारला गडबड सुरू होते. आई सर्वांच्या आधी उठून तेल-उटणे काढून ठेवते आणि एकेकाला हाका मारते. कित्येक वर्षांत यात खंड नाही. त्या दिवशी पाच वाजले तरी हाक नाही. जावईबापू पाटावर बसलेले, मुलगी तेलाची वाटी घेऊन उभी, बाहेर कुणीतरी पहिला फटाका उडवला. मी घाबरून आईच्या खोलीत गेलो.

ती भिंतीकडे तोंड करून गाढ झोपली होती. अगदी लहान मुलीसारखी, हात उशीखाली घालून, हलकेसे घोरत.

मुलगी मागून आली. “बाबा, आजीला उठवायचं ना? सूर्योदयाच्या आत अंघोळ नको?”

मी दार ओढून घेतले. “झोपू दे,” मी म्हटले. “तिचा नरक तिने आधीच भोगला आहे.”